‘मोठा’ कार्बोरेटर म्हणून माझे २४,३५० रुपये लुबाडले. जुन्या जीपवाल्यांनी वाचा

लिहायला लाज वाटतेय, पण गप्प बसले तर तो माणूस अजून दहा जणांना गंडवणार. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ज्या नावाने तो माझ्याशी बोलला ते खरं नसणारच.

आमच्या आण्णांची १९४४ ची फोर्ड जीपीडब्ल्यू जीप, मिलिटरीच्या लिलावातली, आता मी चालवते. साइड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह डोक्यावर नाहीत, बाजूला ब्लॉकमध्ये) चार सिलिंडरी इंजिन, विलीज या जीपवाल्या कंपनीचंच डिझाइन. गेल्या दिवाळीत रत्नागिरीहून सांगलीला परत येताना साखरप्याच्या पुढे आंबा घाटात ती दमच धरेना. तीनच गिअर, त्यात दुसऱ्यावरही रडायला लागली. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, शेजारी आई बसलेली. घरी आल्यावर डोक्यात एकच घोळत राहिलं, इंजिनला हवा-पेट्रोल कमी पडतंय, ते मिसळून देणारा कार्बोरेटरच मोठा टाकायचा.

ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं, ‘कार्टरचा मोठ्या व्हेंचुरीचा मिलिटरी कार्बोरेटर, न वापरलेला, जुन्या स्टॉकमधला.’ कार्टर ही कार्बोरेटरची कंपनी, आणि व्हेंचुरी म्हणजे आतली हवा जायची अरुंद वाट. फोटोत तेलकट कागद, लाकडी खोकं, सगळं अगदी बरोबर. फोनवर माणूस मराठीच बोलला. फ्लोटची पातळी, नीडल, चोकची तार, सगळं त्याला माहीत. म्हणून विश्वास बसला. ऑनलाइन दिसेल ते घेत सुटणारी बाई मी नाही. बावीस वर्षं ही गाडी मी स्वतः सांभाळतेय, पॉइंटचा गॅप माझ्या हाताने लावते.

टोकन म्हणून २,००० दिले. मग तो म्हणाला, “ताई, पुण्याची पार्टी थांबलीय.” लगेच १६,५०० पाठवले. त्यानंतर पॅकिंग आणि विम्याचे १,८५०. पार्सल निघालं म्हणाला आणि पुन्हा फोन, मोठ्या व्हेंचुरीला मोठे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) लागतात, त्याचे ४,०००. तेही दिले. जेट आजतागायत आले नाहीत.

आता जे आठवून रात्री झोप उडते ते सांगते. टोकन दिल्यावर, पण बाकीचे पैसे द्यायच्या आधी मी व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवायला लावली होती. कार्टरच्या कार्बोरेटरला वरच्या एका स्क्रूखाली छोटी पितळी पट्टी असते, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. त्याने ती कॅमेऱ्याजवळ धरली. ५३९एस. हाच नंबर माझ्या गाडीवरच्या पट्टीवर आहे! दरवर्षी दसऱ्याला चिंच लावून ती पट्टी मी घासते. ५३९एस म्हणजे या जीपचा नेहमीचा, कारखान्यातून आलेला कार्बोरेटर. तो मला ‘मोठा’ म्हणून विकत होता आणि पट्टी सांगत होती की हा तुझ्याकडे आहे तोच आहे. नंबर ओळखीचा वाटला, नाही असं नाही. पण मीच मनाशी म्हटलं, मिलिटरीने त्याच नंबरात मोठा काढला असेल. असं कधी नव्हतं. त्या एका क्षणी फोन ठेवला असता तर फक्त २,००० गेले असते.

पार्सल आलं. हातात घेताच हलकं लागलं. कार्टरच्या या मॉडेलचा, म्हणजे अस्सल डब्ल्यूओ कार्बोरेटरचा तळ बिडाचा असतो, लोहचुंबक चिकटतं. याला कुठेच चिकटेना. जाहिरातवाल्याला चुंबक लावून दाखवायला सांगा, तो टाळतो की नाही बघा. आत बोट घातलं तर व्हेंचुरीत लेथच्या रेघा. नव्या नकली मालाची भोकं खरवडून मोठी केलेली, आणि भिंत पातळ होऊन तडकली तिथे एम-सील भरून वरून रंग. मिस्त्रींनी १,२०० घेऊन बसवून पाहिला. दहा मिनिटांत पेट्रोल झिरपायला लागलं. या इंजिनात कार्बोरेटरच्या खालीच एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे गरम धूर बाहेर नेणारा लोखंडी पाइप असतो. तापलेल्या लोखंडावर पेट्रोल! मिस्त्रींनी झटक्यात इंजिन बंद केलं, म्हणून गाडी वाचली.

मिस्त्री मग जे बोलले ते मी आधी विचारायला हवं होतं. इंजिन १३४.२ घनइंच, मिनिटाला जास्तीत जास्त ४,००० फेरे. दर दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे पूर्ण भरलं तरी मिनिटाला १५५ घनफूट हवा. साइड व्हॉल्व्हमध्ये हवेला ब्लॉकमधून वळण घेऊन जावं लागतं, त्यामुळे पूर्ण भरतच नाही. पाऊण धरलं तर ११६. यापेक्षा जास्त हवा ते ओढणारच नाही, वर कितीही मोठं भोक ठेवा. उलट भोक मोठं झालं की हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फुटत नाही आणि खालच्या फेऱ्यांवर, म्हणजे घाटात नेमकी जिथे ताकद हवी तिथेच, गाडी गचके खाते. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा. माझ्या तिसऱ्या सिलिंडरला गेज ७० वरच अडकलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला. रोग तिथे होता आणि मी पैसे कार्बोरेटरवर घालवले.

आता पोलिसांचं. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. पोलीस ठाण्यात गेले तर, “वस्तू आली ना घरी? मग फसवणूक कसली? दिवाणीत जा.” मी पट्टी दाखवली, तडा दाखवला. तर म्हणे, “मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” गाडी माझी, पैसे माझे, मिस्टरांचा संबंध काय? तिथून सायबर शाखेत धाडलं. तिथे म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. चार चकरा, चार वेळा तोच अर्ज नव्याने लिहून दिला, आणि पोच मागितली तर माझ्याकडे अशी नजर टाकली जणू चोर मीच! खोटं सांगून पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली दखलपात्र आहे. हे मी वाचून गेले होते, छापील कागद पुढे ठेवला. तो बाजूला सारून ते चहा प्यायला लागले. चोवीस हजार त्यांना लहान वाटत असतील, माझ्या घरात ते दोन महिन्यांचं वाणसामान आहे.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून तिथेही घातलीय. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि पार्सलवरचा पत्ता खोटा निघाला. टोकन द्यायच्या आधी पत्ता तपासा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नाही, तेच सगळीकडे नडलं. ‘दुसरी पार्टी थांबलीय’ ऐकलं की फोन ठेवा.

जुनाच कार्बोरेटर आता परत गाडीवर आहे. परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, तेलकट कागद तोच, किंमत १९,०००, आणि फोटो मोठा करून पाहिला तर पट्टीवर ५३९एस.