गरवण्याची वजने घरी ओतण्यासाठी घेतलेली विजेवरची भट्टी

रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी खडपावरून (किनाऱ्याच्या खडकांवरून) गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्या माणसाला माशापेक्षा शिशाचा हिशेब जास्त ठेवावा लागतो. उधाणाच्या भरतीला पाण्याची ओढ इतकी असते की ६० ग्रॅमपेक्षा हलके वजन तळाशी टिकत नाही, आणि टिकले तर ते खडपाच्या फटीत हमखास अडकते, मग तंगूस (गळाची दोरी) तोडण्यावाचून उपाय राहत नाही. एका पहाटे चार-पाच वजने जाणे नेहमीचेच आहे. त्यामुळे आमच्या घरी शिसे विकत घेऊन वजने घरीच ओतण्याची पद्धत वडिलांपासून चालत आलेली आहे, आणि गेल्या दिवाळीपर्यंत ती वडिलांच्याच रीतीने चालू होती: तीन दगडांची चूल, करवंट्यांचा जाळ, लोखंडी पळी आणि भाजक्या विटेत कोरलेला साचा.

ही रीत मी का सोडली, हे आधी सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, वीट दोन दिवस चुलीशेजारी ठेवली असल्यामुळे ती कोरडी आहे असे समजून मी त्यात शिसे ओतले. विटेने पोटात धरलेल्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि साच्यातले शिसे उडून माझ्या मनगटावर आले. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. त्यामुळे थेंबभर ओलावासुद्धा वितळलेला धातू वर उडवायला पुरतो. मनगटावर आजही रुपयाएवढा डाग आहे. नात त्या वेळी चुलीपासून चार हातांवर खेळत होती, ही गोष्ट मला त्या डागापेक्षा जास्त छळते.

आता भट्टीविषयी. ही तळातून ओतणारी विजेची भट्टी आहे. अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या घरी ओतण्याचा छंद कायदेशीर आणि जुना आहे, आणि मुळात अशा भट्ट्या त्या लोकांसाठीच बनतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा माझा उपयोग फक्त गरवण्याच्या आणि पागेराच्या (फेकून टाकायच्या जाळ्याच्या) वजनांपुरता आहे. भाच्याने ती परदेशातून येताना आणली. २२० व्होल्टची आवृत्ती आवर्जून मागवावी, कारण तिकडची ११० व्होल्टची भट्टी आपल्या विजेवर लावली तर ती जळेल. सगळा खर्च धरून मला ती सुमारे १२,००० रुपयांना पडली. भांड्यात २० पौंड, म्हणजे साधारण ९ किलो शिसे मावते. ताकद ७०० वॅट असल्यामुळे घरातल्या साध्या प्लगवर ती चालते, मात्र अर्थिंग नीट असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी.

मी सहसा पाच-सहा किलो शिसे भरतो आणि ते वितळायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. संध्याकाळी आमच्या वाडीत व्होल्टेज उतरले की हाच वेळ जवळजवळ दुप्पट होतो, कारण २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर उष्णता जेमतेम साठ टक्के राहते. म्हणून आता हे काम मी सकाळी करतो.

या भट्टीचा खरा गुण तपमान स्थिर राहण्यात आहे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. ओतण्यासाठी ते ३७० ते ४०० अंशांच्या दरम्यान असावे. त्याहून थंड असेल तर वजनावर सुरकुत्या पडतात आणि साच्याचा कोपरा भरत नाही, फार तापले तर वजन पांढुरके व खरबरीत निघते आणि वर मळीही (शिशावर तरंगणारी घाण) भराभर साचते. चुलीवर हे सगळे रंगावरून आणि अंदाजावरून ओळखावे लागत असे. येथे एकदा खुंटी लावली की आतला थर्मोस्टॅट वीज आपोआप तोडतो व जोडतो. मात्र खुंटीवर अंश लिहिलेले नाहीत, नुसते १ ते ९ आकडे आहेत, आणि ही मला मोठी उणीव वाटते. मी वेगळे थर्मोकपलचे, म्हणजे शिशात बुडवून तपमान मोजायचे मापक घेतले, तेव्हा माझ्या भट्टीत ६ वर खुंटी ठेवल्यास तपमान ३७५ ते ३९५ यांच्यामध्ये फिरते असे दिसले. ज्याच्याकडे मापक नाही त्याने ही भट्टी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

मापकाचा दुसरा फायदा भंगाराच्या बाबतीत होतो. टायरच्या दुकानातून व्हील बॅलन्सिंगची जुनी वजने स्वस्तात मिळतात, पण त्यांत हल्ली जस्ताची वजने मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते. भट्टी ४०० च्या खाली ठेवली तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने सहज काढता येतात. तपमान चढू दिले तर ते शिशात मिसळतात, मग सगळा घाणा लापशीसारखा होतो आणि साच्यात धड उतरत नाही. गाडीच्या जुन्या बॅटरीतले शिसे मात्र फुकट मिळाले तरी घरी आणू नये. त्यात आम्ल, अँटिमनी आणि कधी आर्सेनिकही असते, त्यातून विषारी वायू निघू शकतो. बॅटरी विक्रेत्याकडे परत करावी, हेच योग्य.

तळातून ओतण्याची सोय पळीपेक्षा किती चांगली आहे, हे पहिल्या दहा वजनांतच कळते. मळी हलकी असल्यामुळे वर राहते आणि तळातल्या तोटीतून स्वच्छ, आरशासारखी धार साच्यात पडते. साचा मी औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून अल्युमिनियमचा करून घेतला आहे. त्याला मेणबत्तीची काजळी धरायची, भट्टीच्या काठावर तापवायचा, पितळी तारेची कडी खाचेत बसवायची आणि तोटीखाली धरून झडप उघडणारा दांडा उचलायचा. साच्याच्या तोंडाशी उरलेल्या शिशाच्या देठाची चकाकी जाऊन तो अचानक मंद दिसू लागला की शिसे थिजले असे समजावे, आणि मनात पाच आकडे मोजून साचा उघडावा. पहिली चार-पाच वजने साचा थंड असल्यामुळे सुरकुतलेलीच निघतात. ती पुन्हा भांड्यात जातात. त्यानंतर तासाला सत्तर-ऐंशी वजने आरामात होतात.

तक्रार आहे ती गळतीची. तिसऱ्याच दिवशी तोटीतून थेंब-थेंब शिसे पडू लागले. झडपेची दांडी आणि तिची बैठक यांच्यामध्ये मळीचा बारीक कण अडकतो, हे त्याचे कारण. दांडीच्या डोक्यावर खाच असते. भट्टी तापलेली असताना लांब स्क्रूड्रायव्हरने दांडी चार वेळा फिरवली की गळती थांबते, पण दोन दिवसांनी पुन्हा सुरू होते. शेवटी भट्टी रिकामी व गार करून, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती ग्राइंडिंग पेस्ट लावून मी दांडी बैठकीवर घासली, तेव्हा बराच फरक पडला. तोटीखाली एक कोरडा पत्र्याचा डबा मी आजही ठेवतोच. भंगारातले शिसे थेट या भट्टीत घातल्यामुळे ही घाण झाली, अशी माझी खात्री आहे. आता भंगार आधी जुन्या लोखंडी कढईत वितळवून, त्यात मेणाचा तुकडा टाकून, ढवळून, मळी काढून त्याच्या वड्या पाडतो आणि भट्टीत फक्त त्या वड्या घालतो. ती कढई स्वयंपाकघरात कधीही परत जाणार नाही, म्हणून तिच्या कानाला लाल रंग दिला आहे.

मोठ्या ओहोटीला खडपावर हरवलेली वजने सापडतात. ती गोळा करणे मी आता कर्तव्य मानतो. पाणपक्षी शिशाचे बारीक तुकडे गिळून मरतात, या कारणाने ब्रिटनमध्ये २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे. पण समुद्रातून आलेले वजन म्हणजे ओले वजन. ते वितळलेल्या शिशात कधीही टाकू नये. कढई थंड असताना आधी तळाशी घालावे आणि मग आच द्यावी, म्हणजे शिसे वितळण्यापूर्वीच पाणी निघून जाते.

शिशाच्या विषाबद्दल दोन शब्द कडकपणे लिहितो. ४०० अंशांना शिशाची वाफ फारशी होत नाही; खरा धोका मळीच्या राखाडी-पिवळ्या पुडीचा आणि हाताला लागलेल्या शिशाचा असतो, जे तोंडावाटे पोटात जाते. आमच्याकडे काम करता करता तंबाखू मळण्याची सवय घरोघरी आहे, आणि शिसे हाताळलेल्या तळव्यावर मळलेली तंबाखू म्हणजे ते विष आपल्या हाताने गालात ठेवणे होय. मुलांच्या रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. म्हणून मी मागील दारी, वाऱ्याकडे पाठ करून, बंद बूट आणि चामडी हातमोजे घालून काम करतो. मळी झाकणाच्या डब्यात जाते, अंगावरचे कपडे वेगळे धुतले जातात आणि भट्टी पूर्ण गार होईपर्यंत नातीला त्या बाजूला येऊ देत नाही.

सुटे भाग येथे मिळत नाहीत, हे घेणाऱ्याने धरून चालावे. मूळ दांडी घासून बारीक झाली तेव्हा त्याच लेथवाल्याला नमुना दाखवून मी पोलादाची नवी करून घेतली. ती मूळ दांडीपेक्षा कमी गळते. तापणारी कॉइल गेली तर काय करायचे, याचा विचार मात्र मी आत्तापासूनच करून ठेवला आहे, आणि पुढच्या वेळी भाचा येईल तेव्हा त्याच्या यादीत पहिली वस्तू तीच असेल.