‘मिक्सरच्या रेकॉर्डिंग’मध्ये आमच्या ह्यांचा खोकला

खोकला आमच्या ह्यांचाच होता. बत्तीस वर्षं ऐकतेय, चुकायचं कारण नाही. आधी दोन कोरडे ठसके, मग घसा खाकरणं. प्रश्न इतकाच की, शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाचा खोकला मिक्सरमधून, म्हणजे स्टेजवरचे सगळे माइक जिथे जोडतात त्या साउंडवाल्याच्या यंत्रातून, घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुऱ्यापेक्षा मोठा कसा? तिथे तर स्टेजवरच्या माइकचंच तेवढं यायला हवं होतं.

बाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही शिष्यांनी वर्गणी काढून गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात त्यांचं गाणं ठेवलं होतं. बाई आता मैफली करत नाहीत. गुडघेही साथ देत नाहीत आणि दमही. पुन्हा असा योग येणार नाही, म्हणून शूटिंग नीट व्हावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. ओळखीतून एक शूटिंगवाला मिळाला, लग्नं करणारा, बोलायला गोड. कॉलेज रोडवर चहा घेताना त्याने टोकाला फोम लावलेला काळा रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “ताई, कॅमेऱ्याचा माइक लांब असतो. हॉल घुमतो, टाळ्या, खोकले सगळं येतं. मी मिक्सरमधून वेगळा ऑडिओ घेतो आणि नंतर व्हिडिओला जुळवतो. नुसतं जुळवायलाच तीन दिवस लागतात.”

यातलं शास्त्र खरं होतं, तीच तर गंमत. व्हिडिओचे १४,००० आणि वेगळ्या ऑडिओचे, जुळवणीसकट, ८,००० ठरले. दहा हजार लगेच पाठवले.

मग नेहमीचं. “रेंडरला टाकलंय ताई.” “हार्ड डिस्क दुरुस्तीला दिलीये ताई.” पाच आठवड्यांनी पेनड्राइव्ह मिळाला. त्याच्या दुकानात, बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असताना, लॅपटॉपच्या पिचक्या स्पीकरवर मी पहिली दोन मिनिटं ऐकली आणि उरलेले बारा हजार तिथल्या तिथे स्कॅन करून दिले. हा गाढवपणा माझा. घरी हेडफोन लावला आणि विलंबित एकतालाच्या चौथ्या-पाचव्या आवर्तनात ह्यांनी दर्शन दिलं.

फोन केला तर उत्तर तयार होतं. “ताई, थोडा रूम टोन राहतोच.” रूम टोन म्हणजे खोलीचा आपला आवाज, हे मला तेव्हा कळत नव्हतं, म्हणून गप्प बसले. माझा भाचा सिडकोत राहतो, कॉलेजच्या एकांकिकांचं साउंड बघतो. तो म्हणाला, “मावशी, वाद घालू नकोस. मिक्सरच्या मूळ वेव्ह फायली, म्हणजे आवाजाचं कच्चं रेकॉर्डिंग, माग.”

आठवडाभर मागे लागल्यावर चार फायली आल्या. भाच्याने त्या व्हिडिओच्या चार तुकड्यांशेजारी ठेवल्या आणि हसायलाच लागला. झालं होतं असं की, बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांमध्ये एक तुकडा २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतो, बटण पुन्हा दाबावं लागतं. पूरिया धनाश्री रागात बाईंची एक तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना कॅमेरा थांबला होता आणि आमचा शूटिंगवाला बाहेर कुठेतरी होता. पुढचा तुकडा सुरू होतो तो थेट नंतरच्या आवर्तनाच्या मध्यात. बरं, कॅमेरा थांबला हे समजू शकतो. पण ‘मिक्सरचा’ रेकॉर्डरही त्याच क्षणी थांबला आणि त्याच क्षणी पुन्हा सुरू झाला? चारही फायली सेकंदाला सेकंद व्हिडिओएवढ्याच. म्हणजे कॅमेऱ्याचाच आवाज काढून, थोडा घासूनपुसून, वेगळी फाइल म्हणून माझ्या गळ्यात मारला होता.

भाच्याने आणखी एक दाखवलं. चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे नेलं. तबलजींचा हात पुडीवर पडतो आणि ठोका येतो दीडएक फ्रेम उशिरा. कॅमेरा मागे, स्टेजपासून वीस मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तेवढं अंतर कापायला त्याला ५८ मिलिसेकंद लागतात, आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. हिशेब तंतोतंत. जुळवणारा माणूस आधी हीच फट मिटवतो. शिवाय रेकॉर्डर खरंच वेगळा असता तर फरक सरकता राहिला असता, कारण दोन यंत्रांची घड्याळं कधीच बरोब्बर एका गतीने चालत नाहीत. सुरुवातीला जुळलेलं तासाभराने सुटतं, ते जागोजाग ताणून बसवावं लागतं. इथे पहिल्या मिनिटालाही दीड फ्रेम आणि शेवटच्या मिनिटालाही दीडच. तीन दिवस कसले, कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

सभागृहाच्या साउंडवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, “माझ्या मिक्सरला त्या दिवशी कोणी वायर लावलीच नाही हो.” एका शिष्येच्या फोटोत तो काळा रेकॉर्डर सापडला. हार्मोनियमशेजारी ऐटीत बसलेला. वायर नाही, स्क्रीनही काळी.

हे सगळं पुढे ठेवल्यावर सूर बदलला. “कार्ड करप्ट झालं होतं ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.” कार्ड खराब झालं असतं तर मी दोन शब्द बोलून विसरले असते. पण न केलेल्या कामाचे आठ हजार मोजून घेतले आणि वर खोट्या फायली पाठवल्या, त्याचं काय? तीन हजार परत केले, मग फोन उचलणं बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे उपयोगी पडला तो व्हॉट्सअॅपवरचा त्याचा स्वतःचा मेसेज, ज्यात ‘वेगळा ऑडिओ + जुळवणी ८,०००’ असं स्वच्छ लिहिलंय. पैसे पाठवताना मी नुसतं ‘शूटिंग’ लिहिलं होतं, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

तुमच्याकडे कुणी असं काम घेत असेल तर कार्यक्रमाआधी मिक्सरपाशी जाऊन वायर डोळ्यांनी बघा. रेकॉर्डरला तुमचा हेडफोन लावून आवाज येतोय का ऐका. कॅमेरे सुरू झाले की सगळ्यांसमोर एक खणखणीत टाळी वाजवायला लावा, जुळवणाऱ्यालाही ती खूण लागतेच. आणि मूळ वेव्ह फाइल त्याच रात्री, सतरंज्या गुंडाळायच्या आत, तुमच्या पेनड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या दिवसापासून कुणाचीही हार्ड डिस्क दुरुस्तीला जाऊ शकते.

आमचं नशीब की बाईंच्या धाकट्या शिष्येने रियाजासाठी म्हणून फोन हार्मोनियमच्या पेटीवर ठेवून रेकॉर्डिंग केलं होतं. भाच्याने घरी बसून फुकटच्या सॉफ्टवेअरवर आवाजाच्या लाटा एकाखाली एक धरून ते व्हिडिओला लावलं. अर्ध्या तासाच्या तुकड्यात शेवटी दोन फ्रेम सरकत होतं, तेवढं ताणून घेतलं. हरवलेली सम फोनमध्ये होती. तिथे चित्र नाही, म्हणून बाईंचा जुना फोटो लावला. हार्मोनियम जरा पुढे वाटते, पण तानपुरा ऐकू येतो.

शेवटच्या बारा मिनिटांआधी फोनची मेमरी भरली. त्यामुळे भैरवी कॅमेऱ्याच्याच आवाजात आहे, ह्यांच्यासकट. बाईंनी पूर्ण ऐकलं, डोळे पुसले आणि मला विचारलं, “त्यांना खोकल्याचं काही औषध दिलंस की नाही?”