गिफ्टेड प्रोग्रामचं सिलेक्शन: टेस्ट चांगली, वापर वाईट

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या गिफ्टेड प्रोग्रामच्या (खास हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या शिक्षणाच्या) सिलेक्शनला माझ्याकडून ५ पैकी २ स्टार, आणि ते दोन्ही टेस्टचे. अमेरिकेत याला फेडरल नियम असा नाहीच, प्रत्येक राज्य आणि डिस्ट्रिक्ट आपापलं ठरवतं, त्यामुळे तुमच्याकडे वेगळंही असेल, पण टीचर रेफरल (टीचरने नाव सुचवणं), मग कॉगॅट ही विचारक्षमता तपासणारी टेस्ट, मग कट-ऑफ हा प्रकार बऱ्याच ठिकाणी आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी चांगलं. कॉगॅटमध्ये तीन भाग असतात, व्हर्बल (शब्दांचा), क्वांटिटेटिव्ह (आकड्यांचा) आणि नॉनव्हर्बल (आकृत्यांचा), आणि लहान वर्गांना बहुतेक सगळं चित्रांमधून विचारतात. त्यातला पेपर फोल्डिंगचा प्रकार मला फार आवडला. कागदाची घडी घातलीये, घडीवर भोक पाडलंय, आता कागद उलगडला तर भोकं कुठे कुठे दिसतील ते ओळखायचं. पाठांतराचा प्रश्नच नाही, मूल मनातल्या मनात कागद उलगडून बघतं आणि उत्तर देतं. शिवाय स्कोअर वयाप्रमाणे काढतात, तेही महिने धरून, त्यामुळे वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेलं मूल उगाच मागे पडत नाही.

आता रडगाणं. टेस्टला बसायलाच आधी टीचरने नाव द्यावं लागतं नाहीतर पालकांनी फॉर्म भरायचा, आणि हा फॉर्म असतो हे माहीत असलेले पालक कोण, तर ज्यांचं मोठं मूल आधीच त्या प्रोग्राममध्ये आहे ते! टीचर बिचाऱ्या वाईट नसतात हो, पण पंचवीस मुलांच्या वर्गात पटकन हात वर करणारं, अक्षर सुंदर असलेलं, गृहपाठ वेळेवर देणारं मूलच डोळ्यांत भरतं. गप्प बसून खिडकीतून बाहेर बघणाऱ्या किंवा इंग्लिश अजून पक्कं नसलेल्या मुलाचं नाव कोण देणार?

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत नेमकं हेच दिसलं. तिथे २००५ पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची एक नॉनव्हर्बल टेस्ट घ्यायला लागले, कोणी नाव देवो न देवो, आणि गरीब घरातली, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक मुलं एकदम जास्त संख्येने गिफ्टेडमध्ये आली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास २०१६ मध्ये छापलाय. म्हणजे मुलं हुशार होतीच, त्यांना कोणी विचारलं नव्हतं इतकंच. पुढे मंदीत बजेट कापलं गेलं आणि हे स्क्रीनिंगही आटोपतं घेतलं, ते वाचून फार वाईट वाटलं.

दुसरा मुद्दा कट-ऑफचा, आणि इथे माझा जीव जास्त जळतो. आमच्या लेकीच्या रिपोर्टवर ‘८ सी’ असं प्रोफाइल आलं, पुढे कंसात व्ही मायनस, एन प्लस, म्हणजे व्हर्बल तुलनेने कमी, नॉनव्हर्बल जास्त. ८ म्हणजे तिची एकूण पातळी ९ पैकी, आणि सी म्हणजे तिन्ही स्कोअर सारखे नाहीत, एक बाजू बरीच वर तर एक खाली. नॉनव्हर्बल ९८ पर्सेंटाइल, व्हर्बल ७३. घरात आम्ही मराठीच बोलतो, व्हर्बल इंग्लिशमध्ये, त्यामुळे याचं आश्चर्य नव्हतं. पण डिस्ट्रिक्टने तिन्हींचा मिळून एकच स्कोअर (कॉम्पोझिट) धरला, तो कट-ऑफच्या खाली गेला, झालं, विषय संपला. अहो मग ते प्रोफाइल छापता कशाला? गणितात पुढचं शिकवायला ९८ पुरेसं नाही का? ज्या मुलाला ज्या विषयात भूक आहे त्या विषयात द्या ना वाढून, सगळीकडे सारखंच हुशार असलं तरच घेऊ हा हट्ट कशाला.

आणि हे आजचं नाही. स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्धिमान मुलांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला, तेव्हा विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं टेस्टमध्ये कमी पडली म्हणून घेतली नाहीत. पुढे दोघांनाही फिजिक्सचं नोबेल मिळालं!

कोणी या चक्रात असाल तर ऑफिसला ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचारा: स्क्रीनिंग सगळ्यांचं होतं का फक्त नाव दिलेल्यांचं, एका विषयापुरतं प्लेसमेंट मिळतं का, आणि अपीलची शेवटची तारीख काय. आम्हाला अपीलबद्दल तारीख उलटून गेल्यावर कळलं, पत्रात त्याचा एक शब्द नव्हता. पुढच्या वर्षी पालकांच्या फॉर्मची मुदत सुरू झाली की आम्ही परत भरणार आहोत आणि सोबत तिच्या गणिताच्या वह्याही जोडणार आहोत.