पॉम्पेई ४के मध्ये: ड्रमर निक मेसनच्या हातातून स्टिक निसटते ती आता नीट दिसते

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा पॉम्पेईवाला कॉन्सर्ट-पिक्चर आजवर किती वेळा बघितला याचा हिशोब नाही, पण बघितला तो सगळा धुरकट कॉप्यांवर, म्हणजे वाळू कुठली आणि ॲम्प कुठला हे अंदाजाने ओळखायचं. त्यामुळे २०२५ मध्ये ४के (म्हणजे खूप बारकावे दाखवणारं डिजिटल चित्र) करून थिएटरात आणणार म्हटल्यावर आधी थोडी धास्तीच वाटली, कारण २००३ च्या डीव्हीडीत दिग्दर्शक एड्रियन मेबननेच मधेमधे कॉम्प्युटरवर बनवलेले ग्रह-तारे घुसडले होते, ते अजून डोक्यातून जात नाहीत. पण यावेळी तसलं काही केलेलं नाही. बँडच्याच संग्रहात नीट लेबल नसलेल्या पाच डब्यांत मूळ ३५ एमएम निगेटिव्ह सापडली आणि तिच्यावरून हे सगळं उभं केलंय. आधी थिएटरात बघितला, मग ब्लू-रे घेतली, आता दोन्ही मिळून लिहितोय.

ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर १९७१, इटलीतल्या पॉम्पेईच्या अवशेषांतलं रिकामं रोमन अँफिथिएटर, प्रेक्षक शून्य, दिवसाढवळ्या चौघं वाजवतायत. तिथे पोचल्यावर लक्षात आलं की एवढ्या सामानाला पुरेल इतकी वीजच नाही, मग गावातून लांबच लांब केबल ओढली आणि त्यात शूटिंगचे दिवस गेले ते गेलेच. म्हणून बरीच गाणी नंतर पॅरिसच्या स्टुडिओत पुरी केली. पूर्वी हे जोडकाम खपून जायचं, आता पिक्चर इतका स्वच्छ झालाय की कुठलं ऊन खरं आणि कुठला स्टुडिओतला दिवा ते लगेच कळतं. मला त्याचा त्रास नाही झाला, एका मित्राला मात्र झाला, तो म्हणे जादू गेली.

माझं मत उलटं आहे. जादू हातांत आहे आणि ते हात आत्ता कुठे दिसतायत. ‘वन ऑफ दीज डेज’ घ्या, त्यात जवळजवळ सगळा वेळ निक मेसनच दिसतो कारण बाकीच्यांची रीळं हरवली होती, आणि मधेच त्याच्या हातातून एक स्टिक निसटते. हे सगळ्या फॅन्सना पाठ आहे. पण जुन्या कॉपीत नुसतं काहीतरी झाल्यासारखं वाटायचं, आता स्टिक उडते, दुसऱ्या हाताचा ठोका चालूच राहतो आणि नवी स्टिक हातात येते तेव्हा चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी तेवढंच चार वेळा मागे नेऊन बघितलं.

आवाजाचं काम स्टीव्हन विल्सनने केलंय, ५.१ आणि ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येणारे प्रकार. यावरून फॅन्समध्ये जुंपलीय, कुणाला ड्रम फार पुढे आलेत असं वाटतं, कुणाला जुना कोंदट आवाजच हवाय (सवय हो, दुसरं काय). मला विचाराल तर ‘इकोज’ या गाण्यात गिटारवाला गिल्मर आणि कीबोर्डवाला रिक राइट एकत्र गातात ना, ते दोन आवाज पहिल्यांदा वेगवेगळे ऐकू आले आणि एकत्रही, त्यासाठी बाकी सगळं माफ. हे गाणं ज्या अल्बममधलं, तो ‘मेडल’ तेव्हा बाजारात यायचा होता, म्हणजे इतकं नवं गाणं हे लोक मोकळ्या दगडी पायऱ्यांसमोर वाजवत होते.

तक्रारी आहेत. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतले तुकडे आणि मुलाखती गाण्यांच्या मधे येतात, सूर लागलाय तोवर बँड कँटीनमध्ये. त्यांचा नंतरचा अल्बम ‘डार्क साइड ऑफ द मून’ बनताना बघायला मिळतो, बेसवाला वॉटर्स सिंथसायझरशी खेळतोय वगैरे, ते सोनं आहेच, मेसन कँटीनमध्ये मागतो तो बिनकडेचा ॲपल पायही आवडतो, पण दुसऱ्यांदा बघताना मी सरळ ब्लू-रेवरचा नुसत्या कॉन्सर्टचा तासाभराचा कट लावला. आणि ते कुत्रीचं गाणं, म्हणजे गाणारी खरोखरची कुत्री. गिल्मर हार्मोनिका वाजवतो, राइट माइक धरतो आणि ती रडते. ४के मध्येसुद्धा ते तितकंच लांबतं, जाऊ दे.

नवीन माणसाने आधी काय बघावं असं विचारलं तर ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ हे गाणं. वॉटर्स गाँगवर (टांगलेल्या मोठ्या थाळीवर) तुटून पडतो तो भाग. पूर्वी तिथे नुसती काळी आकृती हलायची, आता अंगावरचा घामसुद्धा दिसतो. घरी बघणार असाल तर टीव्हीचं ते चित्र गुळगुळीत करणारं सेटिंग आधी बंद करा, नाहीतर रीळवरचा सगळा दाणा, म्हणजे फिल्मचा बारीक कणीदारपणा, मेणासारखा होतो आणि मग उगाच रिस्टोरेशनला शिव्या घालाल.

थिएटरात आम्ही बघितला तिथे आवाज दबका ठेवला होता, दोनदा जाऊन सांगितलं तरी ढिम्म. त्यात शेवटी ‘इकोज’चा दुसरा भाग संपत आला, कॅमेरा मागे मागे सरकत चौघं त्या एवढ्या मोठ्या मैदानात ठिपक्याएवढे व्हायला लागले, आणि नेमके तेव्हाच हॉलचे दिवे लावले. निम्मे लोक उठून चालायला लागले. माझ्या पुढचा मात्र पाठमोरा तसाच उभा, एक हात खुर्चीवर आणि पिशवी खांद्याला अर्धीच अडकवलेली, शेवटचा सूर विरेपर्यंत.