सोलापुरात शिवलेली फुटबॉल जर्सी : कॉलेजच्या पहिल्या हंगामाला चालते का?

चालते. कॉलेजची टीम नव्यानं उभी राहत असेल, तर जर्सीसाठी पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. चादरी आणि टॉवेलांसोबत सोलापूरचा गणवेशाचा धंदाही मोठा आहे, आणि त्यातले काही जण टीमच्या जर्सी करून देतात. पण गणवेश शिवणाऱ्या प्रत्येकाला जर्सी जमतेच असं नाही.

गणवेशाचं कापड ताणलं जात नाही. जर्सीचं होजिअरीचं, म्हणजे विणकामाच्या फासांचं पॉलिएस्टर ताणलं जातं. ते साध्या मशीनवर शिवलं, तर समोरच्यानं बाही ओढताच काखेतला धागा तटकन तुटतो. जोडाला ओव्हरलॉक (कड गुंडाळणारी, ताण घेणारी शिवण) हवंच, आणि खांद्या-बाहीवर फ्लॅटलॉक (आतली कड सपाट बसवणारी शिवण), नाहीतर आतली कड घामात घासून काख सोलवटते. नमुना उलटा करा, काखेची शिवण दोन्ही हातांनी ओढा. टाका कडकड वाजला की दुसरं दुकान बघा.

कापड 140 ते 160 जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) मागा. 120 च्या आसपासचं स्वस्त पडतं, पण भिजल्यावर अंगाला चिकटतं. ‘कॉटन मिक्स आहे, गार वाटेल’ हा आग्रह ऐकू नका. जर्सीवरच्या सब्लिमेशन छपाईचा, म्हणजे कागदावरून उष्णतेनं कापडात उतरवलेला रंग पॉलिएस्टरलाच धरतो. सुती धागा तसाच कोरा राहतो आणि डिझाइन पहिल्यापासूनच फिकट दिसतं.

छपाई कधी करणार, हे ऑर्डरआधीच विचारा. पुढचा भाग, पाठ आणि बाह्या आधी छापून मग शिवल्या, तर रंग शिवणीच्या आतपर्यंत जातो. शिवलेल्या जर्सीवर छपाईची गरम प्रेस मारली की काखेतल्या चुणीत पांढरे पट्टे उरतात, आणि हात वर केला की तेवढेच दिसतात. नाव-नंबर छपाईतच घ्या. वरून चिकटवलेला नंबर गरम पाणी आणि इस्त्रीनं कडेपासून सुटायला लागतो. स्क्रीन प्रिंटला दर रंगाची वेगळी फ्रेम लागते, त्यामुळे वीस नगांसाठी ती परवडत नाही.

माप एस-एम-एलमध्ये देऊ नका, प्रत्येकाचा तक्ता वेगळा असतो. छातीचं माप इंचात घ्या, त्यात चार इंच सैल धरा आणि यादी लेखी द्या. गोलकीपरचा रंग आपल्या खेळाडूंपेक्षा, समोरच्या टीमपेक्षा आणि पंचांपेक्षाही वेगळा लागतो, म्हणून कीपरसाठी दोन रंग करून ठेवलेले बरे. अख्खी काळी जर्सी टाळा. पंच बहुधा काळ्यातच असतात, आणि आपल्याकडच्या उन्हात ती तापते ते वेगळंच.

शॉर्ट्स ही इथली कच्ची बाजू. जर्सीचंच पातळ कापड वापरून मोकळे होतात. मुरमाच्या मैदानावर एक स्लाइडिंग टॅकल (जमिनीवर घसरत चेंडू काढणं) झालं की मांडीवर भोक! शॉर्ट्सला जाड कापड, आसनाला दुहेरी शिवण आणि नेफ्यात इलॅस्टिकसोबत नाडी असं स्पष्ट लिहून द्या. तेवढं करणार नसतील तर शॉर्ट्स तयार घ्या. मोजे तर तयारच घ्यावे लागतात. ते शिनगार्ड (नडगीवरचं संरक्षक कवच) पूर्ण झाकतील असे हवेत, आणि वरून टेप लावलीच तर ती मोज्याच्याच रंगाची.

ऑर्डर कधी देता यावर निम्मं काम ठरतं. शाळा उघडण्याआधी हे कारखाने गणवेशात बुडालेले असतात. तेव्हा वीस जर्सींना कोण विचारतो? दिली तरी फ्लॅटलॉकची पाळी येता येता घाईत काम उरकलं जातं. शाळांचा माल गेला की जुलैत द्या, एक नमुना धुऊन, वाळवून बघा आणि मगच बाकीच्या कापायला सांगा.

दोन जर्सी मोठ्या मापाच्या, वेगळ्या नंबरांच्या जादा करून घ्या. कपड्यावर रक्त असेल तर पंच खेळाडूला परत आत घेत नाहीत. बदललेला नंबर मात्र त्यांना आधी सांगा.