ब्रॉडहाफपेनी डाऊनवरचा रविवारचा सामना : जरूर पाहावा असा अनुभव

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या मराठी क्रिकेटप्रेमींच्या यादीत लॉर्ड्स आणि ओव्हल ही नावे ठरलेलीच असतात. त्या यादीत हॅम्पशायरमधील ब्रॉडहाफपेनी डाऊन या मैदानाची भर घालावी, आणि तिथे शक्यतो रविवारी, मैत्रीपूर्ण सामना चालू असतानाच जावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. हॅम्बल्डन गावापासून सुमारे दोन मैलांवर, उघड्या माळावर, रस्त्यांच्या तिठ्यापाशी हे मैदान आहे. समोर रस्त्यापलीकडे ‘बॅट अँड बॉल’ ही जुनी खाणावळ आहे. याहून अधिक वस्ती आसपास नाही, आणि मला तर हेच या जागेचे मोठे वैभव वाटते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॅम्बल्डन क्लबचे सामने याच माळावर होत. खाणावळ चालवणारा रिचर्ड नायरेन हाच संघाचा कर्णधार होता. क्रिकेटचा जन्म इथे झाला असे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. केंट, सरे आणि ससेक्स भागांत हा खेळ त्याच्याही बराच आधीपासून खेळला जात होता. मात्र गावकऱ्यांच्या या खेळाला आजचे रूप येण्यात हॅम्बल्डनच्या मंडळींचा वाटा फार मोठा आहे. 1771 मध्ये चर्ट्सी या दुसऱ्या संघाविरुद्धच्या सामन्यात व्हाइट नावाचा फलंदाज यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. त्यावर हॅम्बल्डनच्या खेळाडूंनी लेखी हरकत घेतली आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंच ठरली. ती मर्यादा आजही तशीच आहे. 1775 मध्ये लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर लंपी स्टीव्हन्स या गोलंदाजाचा चेंडू हॅम्बल्डनच्या जॉन स्मॉलच्या दोन यष्ट्यांमधून तीनदा आरपार गेला, तरी तो बाद ठरला नाही, आणि त्यातूनच तिसरी यष्टी आली. 1777 मध्ये सेव्हनोक्स येथे याच संघाने इंग्लंडच्या संघाला एक डाव आणि 168 धावांनी हरवले होते. पुढे 1787 मध्ये लंडनमध्ये एमसीसीची (मेरिलबोन क्रिकेट क्लबची) स्थापना झाली, खेळाचे केंद्र लंडनकडे सरकले आणि हा माळ क्रिकेटच्या दृष्टीने दीर्घकाळ ओस पडला.

मैदानाच्या कडेला खाणावळीसमोर 1908 मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा स्मारकस्तंभ आहे. त्यावर कोरलेल्या बॅट तळाशी वाकड्या आहेत आणि यष्ट्या दोनच आहेत. मुलांना तो नीट दाखवावा, कारण जमिनीलगत हाताखालून टाकलेला चेंडू अडवायचा तर बॅटला असा बाक का लागत असे, हे त्या कोरीवकामाकडे पाहून चटकन समजते. खाणावळीच्या आतही क्रिकेटच्या जुन्या वस्तू आणि चित्रे मांडलेली आहेत. पण एवढेच पाहून परत फिरलात तर अर्ध्या तासात सारे आटोपेल आणि इतक्या दूर आल्याचे समाधान मिळणार नाही. ही जागा कळायची असेल तर दुपारभर सामना पाहायला हवा.

आज इथे प्रामुख्याने ब्रॉडहाफपेनी ब्रिगंड्स हा क्लब पाहुण्या संघांशी खेळतो. गावाचा आजचा हॅम्बल्डन क्लब गावाजवळच्या रिज मेडो या मैदानावर खेळतो. ‘मैत्रीपूर्ण’ या विशेषणावरून हा खेळ ढिसाळ असेल असा समज कोणी करून घेऊ नये. गुणतक्ता आणि चषक नसले तरी पांढरे कपडे, लाल चेंडू आणि पंचांचा निर्णय मुकाट्याने मानण्याची शिस्त पूर्ण असते, आणि तीसुद्धा पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच एखादा खेळाडू असतो, हे लक्षात घेता विशेष म्हणावी लागेल. दहा-बारा षटके उभे राहिल्यावर तो पांढरा कोट काढून दुसऱ्याच्या हाती देतो आणि पॅड बांधायला जातो. आपल्याच सहकाऱ्याला पायचीत देण्याची वेळ आली की त्याच्या चेहऱ्यावर जी घालमेल दिसते ती सीमारेषेवरूनही लपत नाही. तरी मी पाहिलेल्या सामन्यात बोट वर गेले आणि बाद झालेला फलंदाज एक शब्दही न बोलता तंबूत परतला.

मला सर्वांत अधिक भावला तो डाव घोषित करण्याचा भाग. षटकांची मर्यादा घातलेल्या सामन्यांची आता आपल्याला इतकी सवय झाली आहे की, डाव कधी थांबवायचा हे कर्णधाराने स्वतः ठरवायचे असते, ही गोष्ट आपण विसरतच चाललो आहोत. पाहिलेल्या सामन्यात यजमानांनी चहाच्या सुमारास डाव घोषित केला आणि पाहुण्यांसमोर अवघड, पण आवाक्यातले लक्ष्य ठेवले. उशिरा घोषित केले असते तर सामना निर्जीव झाला असता, लवकर केले असते तर हातचा गेला असता. पाहुण्यांचे दोन चांगले फलंदाज एकापाठोपाठ बाद होताच कर्णधाराने आपला वेगवान गोलंदाज बाजूला केला आणि एका तरुण फिरकी गोलंदाजाच्या हाती चेंडू दिला, म्हणजे पाठलागाचा मोह टिकला आणि त्या मुलालाही खरी परीक्षा मिळाली. अखेर पाहुण्यांची शेवटची जोडी उरलेली षटके खेळून काढून नाबाद राहिली आणि सामना अनिर्णित सुटला. अनिर्णित सामना इतका रंगतदार असू शकतो हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. ते त्यांनी बसून पाहिले पाहिजे.

धावपत्रकाच्या टेबलापाशी थोडा वेळ जरूर उभे राहावे. गुणलेखकाच्या वहीत निर्धाव षटकाची सहा टिंबे रेषांनी जोडून इंग्रजी ‘एम’ हे अक्षर काढले जाते, आणि त्याच षटकात गडी बाद झाला असेल तर तीच टिंबे उलट जोडून ‘डब्ल्यू’ काढले जाते. परवानगी मागून विचारले तर गुणलेखक मोठ्या आपुलकीने सारे समजावून सांगतात. मुंबईच्या कांगा लीगमध्ये 1948 पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर आणि वाढलेल्या गवतात चाललेले सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वहीची आणि ती जिवापाड सांभाळणाऱ्या माणसाची थोरवी वेगळी सांगायला नको.

मध्यंतरातील चहा हा खेळाइतकाच महत्त्वाचा संस्कार आहे. सँडविच, केक आणि मोठ्या किटलीतला चहा, आणि दोन्ही संघ एकाच टेबलाभोवती. 2020 च्या साथीनंतर इंग्लंडमधील अनेक लीगनी हा चहा ऐच्छिक केला किंवा बंदच केला. त्यामुळे जिथे तो अजून चालू आहे तिथे कष्ट घेणाऱ्यांचे मनापासून आभार मानावेत. तो चहा खेळाडूंसाठी असतो, हे मात्र प्रेक्षकांनी लक्षात ठेवावे. शाकाहारी मंडळींनी आपला डबा बरोबर नेणे उत्तम. खाणावळीत जेवायचे असेल तर आधी चौकशी करावी.

खेळाचा दर्जा एकसारखा नसतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. एखादा फलंदाज ऑफला झुकून सुरेख ड्राइव्ह मारतो आणि पुढच्याच षटकात मिडऑनवरचा पोक्त गृहस्थ सोपा झेल सोडतो. सतत चौकार-षटकारांची अपेक्षा असणाऱ्यांनी इथे येऊ नये. माळ उघडा असल्याने वारा जोराचा असतो, म्हणून जूनमध्येही एखादे जाकीट जवळ ठेवावे. घडीची खुर्ची घेऊन जावी, षटक चालू असताना गोलंदाजाच्या पाठीमागून चालू नये आणि कुत्रा बरोबर असल्यास तो साखळीनेच बांधावा.

लंडनहून येणाऱ्यांना वॉटर्लूहून पीटर्सफील्डपर्यंतची रेल्वे सोयीची आहे, तिथून पुढे टॅक्सी लागते. रविवारी बसच्या भरवशावर निघू नये. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही. हंगाम साधारण एप्रिलअखेर ते सप्टेंबर असतो, आणि सामना नक्की आहे ना, याची त्या आठवड्यात खात्री करून घ्यावी, कारण पावसाने किंवा माणसे न जमल्याने मैत्रीपूर्ण सामने सर्वांत आधी रद्द होतात.

इंग्लंडमधील महाराष्ट्र मंडळांच्या क्रिकेट संघांना मी विशेष विनंती करतो. आपले बहुतेक संघ शहरातल्या मैदानांवर आठ-दहा संघांच्या स्पर्धा भरवण्यातच सारा उन्हाळा घालवतात. त्याऐवजी एका रविवारी अशा गावच्या क्लबला पत्र लिहून सामना मागावा. पाहुण्या संघांची या क्लबांना गरज असते, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तारखा बहुधा हिवाळ्यातच ठरतात, म्हणून लवकर लिहावे. टेनिस चेंडूवर खेळणाऱ्यांनी मात्र त्याआधी नेटमध्ये सीझन चेंडूचा पुरेसा सराव करावा, हेल्मेट बरोबर न्यावे आणि अकराही जण वेळेवर पोहोचतील अशी व्यवस्था ठेवावी.