दोन टीटी६००, एक एक्स२टी आणि अकरा महिने

कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश उडवायचा असेल, तर फ्लॅश नंतर बघा, आधी ट्रिगर ठरवा, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला बिनतारी इशारा देणारी डबी. मी नेमकं उलटं केलं होतं. आधी कुणाचा तरी वापरलेला फ्लॅश घेतला आणि मग त्याला जमेल असा बिननावाचा स्वस्त ट्रिगर शोधला. मावसबहिणीच्या साखरपुड्यात ऐन अंगठी घालताना फ्लॅश उडालाच नाही. मावशी अजून विचारते, "अंगठीचा फोटो कुठाय रे?"

म्हणून या वेळी गोडॉक्सचे दोन टीटी६०० फ्लॅश आणि कॅननसाठीचा एक्स२टी ट्रिगर असा संच एकदमच घेतला. कॅननच्या वरच्या श्रेणीतल्या एका फ्लॅशच्या निम्म्याहून कमी पैशात तिन्ही वस्तू आल्या. टीटी६००मध्ये ट्रिगरचा इशारा पकडणारा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आतच असतो, त्यामुळे फ्लॅशखाली वेगळी डबी लावायला नको आणि तिचे सेलही सांभाळायला नकोत. योंगनुओच्या वायएन५६० मार्क ४मध्येही तशीच सोय आहे. पण एकाचा ट्रिगर दुसऱ्याच्या फ्लॅशला ओळखत नाही. पुढे गोडॉक्सचाच एडी२०० फ्लॅश घ्यायचं मनात आहे, तो याच ट्रिगरवर चालतो. तेवढ्यावरून मी गोडॉक्सकडे वळलो.

टीटी६००मध्ये टीटीएल नाही, म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेरा आपोआप ठरवत नाही, सगळा कारभार मॅन्युअल. पूर्ण पॉवरपासून १/१२८ पर्यंत आपणच ठरवायचं. पहिले दोन महिने माझी चिडचिड झाली. फ्लॅश स्टेजजवळ ठेवायचो, तर नवरी पांढरीफटक आणि शेजारची करवली अंधारात. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, हे पाठ होतं, पण हातात उतरलं नव्हतं. आता स्टँड जमेल तितका लांब आणि उंच लावतो आणि पॉवर वाढवतो. मग स्टेजवर कुणी दोन पावलं इकडेतिकडे सरकलं तरी फारसा फरक पडत नाही. दोन चाचणी फोटो काढायचे आणि पुढचा तासभर आकड्यांना हात लावायचा नाही. पॉवर ट्रिगरवरूनच बदलता येते. त्यावर फ्लॅशचे ए ते ई असे पाच गट आहेत, मला दोनच पुरतात. जेवणाच्या पंगतीपर्यंत गर्दीतून स्टँडकडे जायची वेळ येत नाही.

हळदीला मात्र फजिती झाली. मांडवाचं कापड पिवळं होतं आणि मी सवयीने फ्लॅश वर वळवून बाउन्स केला, म्हणजे प्रकाश कापडावर आपटून खाली येऊ दिला. सगळं घर कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. हळद तरी वेगळी कशी दिसणार? आता पिशवीत फ्लॅशला लावायची पांढरी छत्री कायम असते.

भर उन्हातला अनुभव मिश्र आहे. माझ्या कॅनन ८०डी कॅमेऱ्याचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, १/२५० सेकंदाचा, त्यापुढे गेलं की फोटोत काळा पट्टा येतो. ट्रिगरवर हाय स्पीड सिंक चालू केला की पट्टा जातो, पण फ्लॅशचा जोरही बराच घटतो. दुपारी शेतात प्री-वेडिंग काढताना दोन्ही फ्लॅश एकत्र लावूनही जेमतेम काम झालं. आणखी एक गंमत म्हणजे टीटी६०० थेट कॅमेऱ्यावर बसवला तर हाय स्पीड सिंक मिळत नाही, ट्रिगरवरूनच मिळतो.

खरा खर्च सेलचा. प्रत्येक फ्लॅशला चार, ट्रिगरला दोन, म्हणजे दहा, आणि तितकेच राखीव. कोपऱ्यावरच्या दुकानातले अल्कलाइन घेऊ नका, थोड्याच वेळात फ्लॅश दोन फोटोंमध्ये दम खायला लागतो. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल छापील आकड्याने १.२ व्होल्टचेच, म्हणजे अल्कलाइनहून कमी, पण भराभर करंट देतात. माझे एनेलूप ब्रँडचे आहेत. प्रत्येक चौकडीवर वेगळ्या रंगाची टिकली लावली आहे, म्हणजे जुने-नवे मिसळत नाहीत. चार्जरही प्रत्येक सेल स्वतंत्र चार्ज करणारा घ्या.

भाच्याकडे कॅननचा २००डी मार्क २ आहे. त्याच्या हॉट शूला, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला, मधली पिन नाही, त्यामुळे टीटी६०० त्यावर थेट बसवला तर उडत नाही. तुमचा कॅमेरा असा असेल तर ट्रिगरही दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघा, मगच पैसे द्या.

शेवटचं एक. फ्लॅश अगदी हाताशी धरल्यावर उडत नसेल, तर लगेच बिघडला म्हणून पाठवू नका. ट्रिगरच्या मेन्यूत अंतराचं सेटिंग असतं, ते ०-३० मीटरवर करा. मी आठवडाभर उगाच सेल बदलत बसलो होतो.